माझ्या वाट्याला आलेला गोली

माझा राग नाकावर असतो, असं आई म्हणायची. नवऱ्याचं म्हणणं, नाकावर नाही, जिभेच्या टोकावर असतो. तरीही आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या त्या ऑफिसात मी पहिले दोन महिने चकार शब्द न काढता डबा खाल्ला. सात वर्षं घरी बसून पुन्हा नोकरीला लागलेली बाई मी. त्यात इथलं इंग्रजी म्हणजे एक वाक्य कळेपर्यंत पुढची तीन निघून गेलेली. बोलणार काय, कपाळ!

आमच्या टेस्टिंग टीमचं जेवणाचं टेबल एकच, आणि दर सोमवारी त्यावर एकच विषय: आईस हॉकी. अख्खं आयर्लंड हर्लिंग आणि फुटबॉलवरून भांडतं, पण आमच्या टेबलावरच्या तिघांचा पंथ वेगळा. एक कॅनडावाला, त्याला हा खेळ दुधाबरोबर पाजलेला. दुसरा लाटव्हियाचा, मितभाषी, पण बोलला की खुंटा ठोकल्यासारखा. तिसरी माझ्याच वयाची आयरिश बाई, जिची बहीण बेलफास्टला राहते. बेलफास्टला पैसे घेऊन खेळणारा खराखुरा व्यावसायिक संघ आहे. हे तिघं त्याचे भक्त. शनिवारी ऑनलाइन मॅच बघायची आणि सोमवारी तिची चिरफाड करायची, हा सप्टेंबरपासूनचा नेम.

एका सोमवारी संघ सपाटून हरला होता आणि तिघंही गोलीवर तुटून पडले होते. गोली म्हणजे गोलकीपर. मला राहवलं नाही. म्हटलं, "मीपण गोलकीपर होते. हॉकीत. गवतावरच्या."

तिघं माझ्याकडे बघायला लागले. पुण्यात खडकीला सराव करायचे, कॉलेजच्या टीममध्ये होते, फायनलला शेवटच्या मिनिटाला चेंडू माझ्या पायांमधून गेला आणि मला टीममधून काढलं, असं सगळं सांगून टाकलं. वीस वर्षं मी ते असंच सांगत आले होते.

"मग आमच्या क्लबात ये की," आयरिश बाई म्हणाली. गावात बायकांचा हॉकीचा क्लब आहे, तिची भाची तिथे खेळते. "गोलकीपर कुणाला व्हायचंच नसतं."

"नाही," मी म्हटलं. "मी आता गोलमध्ये उभी राहत नाही."

ती बरं म्हणाली आणि मग मूळ विषयावर आली. म्हणाली, "युअर मॅन इन गोल, ही इज ब्रूटल." ब्रूटल म्हणजे अगदीच टाकाऊ.

युअर मॅन! मी चमकले. माझा माणूस? मग वाटलं, बरोबर आहे. मी गोलकीपर, तोही गोलकीपर, म्हणून यांनी तो माझ्या वाट्याला दिला. प्रत्येकाचा एकेक खेळाडू असणार आणि हा, कुणाला नको असलेला, नव्या आलेल्या बाईच्या गळ्यात. ठीक आहे, घेतला!

त्या शनिवारी मी पहिल्यांदा पूर्ण मॅच पाहिली. लेकीने येऊन विचारलं, "आई, व्हाय आर यू शाउटिंग?" मी म्हटलं, माझा माणूस खेळतोय. ती आधी बाबाकडे बघून आली आणि मग शेजारी बसली.

आणि सोमवारी मी तोंड उघडलं. पक म्हणजे ती काळी रबरी चकती गोलमध्ये गेली की सगळ्यांना फक्त गोली दिसतो. अरे, पण त्याच्यासमोरचे दोन बचावपटू कुठे होते? पहिला फटका त्याने अडवला होता. उसळून आलेली चकती बाजूला काढायचं काम कुणाचं? कॅनडावाला म्हणाला, तो गोल सोडून फार पुढे येतो. म्हटलं, पुढे येऊनच मारणाऱ्याची जागा कमी करता येते, मागे खांबाला चिकटून कोणी चेंडू अडवलाय? लाटव्हियाचा चमचा खाली ठेवून म्हणाला, "बाई बरोबर बोलते." त्या दिवशी मी त्या टेबलावरची झाले.

'युअर मॅन'चा खुलासा नोव्हेंबरात झाला. कँटीनमधल्या माणसाविषयी आयरिश बाई म्हणाली, युअर मॅनने आज सूप खारट केलंय. मी म्हटलं, तो कधी माझा माणूस झाला? टेबलावर हसून हसून मुरकुंडी वळली. युअर मॅन म्हणजे नुसतं 'तो बाबा'. कुणीही. रस्त्यावरचा, टीव्हीवरचा, गोलमधला. मला कोणी काही वाटून दिलं नव्हतं. मी उगाच एका अनोळखी माणसाची वकिली करत होते.

पण तोवर उशीर झाला होता. दोन महिने ज्याच्यासाठी भांडले तो परका कसा होणार? त्याची बसण्याची, उठण्याची, फटका यायच्या आधी डावीकडच्या खांबाला काठी टेकवायची सवय मला पाठ झाली होती. म्हटलं, तुमच्या इंग्रजीत काय असेल ते असो, आमच्यात एकदा आपला म्हटला की म्हटला.

डिसेंबर संपताना बातमी आली की हा त्याचा शेवटचा सीझन, करार पुढे जाणार नाही. तेव्हाच तिघांनी जानेवारीतल्या मॅचची तिकिटं काढायचं ठरवलं. "तुझं काढू ना?" आयरिश बाईने विचारलं.

आता गंमत ऐका. ॲथलोनहून बेलफास्ट गाडीने तीन तासांच्या आत. वाटेत फाटक नाही, चौकी नाही, शिपाई नाही. पण बेलफास्ट यूकेत. इथलं आमचं राहण्याचं कार्ड तिकडे चालत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर वेगळा व्हिसा काढायचा. त्या तिघांना हे ठाऊकच नव्हतं. असणार कसं?

कॅनडावाला म्हणाला, "गाडीत मागे बस. कोण बघतंय?" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! पकडला गेला तर त्याला काय होणार होतं? इथे नवऱ्याचं परमिट, माझी नोकरी, लेकीची शाळा, सगळं त्या एका कार्डावर. आणि समजा नसतेच पकडले गेले, तरी चोराच्या मनात चांदणं. प्रत्येक गाडी पोलिसाची वाटली असती. मॅच कसली बघणार!

"मी येणार," मी म्हटलं. "पण कागद घेऊन. तुम्ही पुढे व्हा."

ते गेले, ओरडून घसे बसवून आले. मला संघाचा एक मफलर आणला. तो मी घेतला, थँक्यू म्हटलं आणि घरी येऊन स्वयंपाकघरात रडले. खोटं कशाला सांगू, मला लागलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी कागद जमवायला लागले. नवरा म्हणाला, "अगं, एका मॅचसाठी एवढा खटाटोप? लंडनला जाऊ तेव्हा काढू ना व्हिसा."

"लंडनला तो गोलमध्ये उभा आहे का?"

"नाही, पण..."

"मग झालं तर."

माणूस शहाणा. बँकेची स्टेटमेंट छापून आणून दिली, आणि स्वतःचा आणि लेकीचा फॉर्मपण माझ्यापुढे सरकवला. पगारपत्रकं, ऑफिसचं पत्र, लेकीच्या शाळेचं पत्र, घरभाड्याचा करार. फॉर्मवर भेटीचं कारण विचारलं होतं. पर्यटन लिही, नवरा म्हणाला. मी लिहिलं, आईस हॉकीची मॅच बघणे. खरं तेच. रजा टाकून आम्ही तिघं डब्लिनला गेलो, बोटांचे ठसे दिले, फोटो दिला, पासपोर्ट त्यांच्या हवाली केले.

आणि मग वाट बघणं. सीझनचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना मार्चच्या अखेरीस होता. मी तिकिटं काढून ठेवली, व्हिसा नसताना. लेक म्हणाली, "आई, यू आर अ‍ॅब्सोल्युटली मेंटल." म्हटलं, हो, आहे.

इकडे त्याचं काही ठीक चाललं नव्हतं. फेब्रुवारीत ओळीने तीन सामने गेले. चौथ्यात गोलमध्ये दुसराच पोरगा उभा, नवा, उंच, चपळ. माझा माणूस बाकावर. सोमवारी टेबलावर मी पेटले. हे काय, तीन सामने हरले म्हणून दहा वर्षं खेळलेल्या माणसाला बाकावर बसवायचं? मी असते तर त्याच क्षणी किट फेकून निघून गेले असते! लाटव्हियाचा शांतपणे म्हणाला, "तो गेला नाही." मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

सामन्याच्या आधीच्या गुरुवारपर्यंत पासपोर्ट आले नव्हते. शुक्रवारी मी घरून काम करत होते. दुपारी पाकीट आलं. उभ्यानेच फाडलं. तिन्ही पासपोर्टांत व्हिसा होता. मी एवढ्या जोराने ओरडले की कुरियरवाला गेटपासून परत आला. "ग्रँड, सगळं ग्रँड," मी त्याला सांगितलं. तोही हसला.

शनिवारी दुपारी निघालो. पर्स मांडीवर, पर्समध्ये तिघांचे पासपोर्ट आणि कागदांची फाइल. सीमा कधी येते म्हणून मी ताठ बसून बघत होते. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली, वेगाच्या पाटीवर किलोमीटरचे मैल झाले. "आलो," नवरा म्हणाला. कुठे? "मागेच गेली." कुणी थांबवलं नाही, कुणी पाहिलं नाही. मी फाइल पुन्हा पर्समध्ये नीट ठेवली.

टीव्हीवर कळत नाही तिथे किती गार असतं आणि ती चकती फळीवर आपटली की कसला आवाज होतो. मफलर गुंडाळून मी आमच्या खेळाडूंच्या बाकासमोरच्या बाजूला बसले. गोलमध्ये तो उंच पोरगा होता. मला वाटलंच होतं, पण तरी! एवढं करून आले आणि हा बाकावर.

मग मी त्यालाच बघत बसले. आईस हॉकीत मिनिटा-मिनिटाला खेळाडू बदलतात. बाकाच्या कडेला छोटं दार असतं, दमलेला आत येतो, ताजा बाहेर जातो. ते दार उघडायचं काम माझ्या माणसाकडे होतं. पायाला ते गादीएवढे पॅड, छातीवर चिलखत, डोक्यावर वर सरकवलेला मुखवटा, सगळा जामानिमा चढवून तो दाराशी बसला होता. उघड, बंद. उघड, बंद. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर थाप. उंच पोराने एक अवघड फटका अडवला तेव्हा सगळ्यांत आधी हाच उभा राहिला आणि काठी फळीवर आपटायला लागला. मधल्या सुट्टीत त्या पोराशी हाताने कोन दाखवून काहीतरी बोलत गेला. मला ऐकू आलं नाही, पण काय सांगत होता ते मला माहीत आहे. पुढे ये म्हणत होता.

आणि तिथे, त्या गारठ्यात, माझ्याच्याने खोटं बोलवेना.

कॉलेजच्या टीममधून मला कुणी काढलं नव्हतं. फायनलनंतरच्या सामन्याला सरांनी फर्स्ट इयरच्या मुलीला उभी केली आणि मला म्हणाले, आज तू बाकावर बस, तिला जरा सांभाळून घे. मी पॅड सोडून त्यांच्या पायाशी टाकले. म्हटलं, मी बाकावर बसायला आले नाही, सर. आणि चालत घरी गेले. ते दोनदा घरी बोलवायला आले होते. मी दार उघडलं नाही.

साठ मिनिटं खेळ झाला. तो एक मिनिटही खेळला नाही. आमचा संघ जिंकला, सगळे त्या उंच पोराभोवती जमले, आणि हा शेवटी, दार नीट लावून, बर्फावर आला. लोक उभे राहिले. मी सगळ्यांच्या आधी उभी राहिले होते. "शाब्बास रे!" मी मराठीतच ओरडले. रडत होते की हसत होते, लेकीला विचारा.

सोमवारी टेबलावर तिघं वाटच बघत होते.

"खेळला?" कॅनडावाल्याने विचारलं.

"नाही."

"आणि बॉर्डरवर व्हिसा कुणी बघितला?"

"नाही."

"म्हणजे सगळं फुकट!"

"फुकट कशाला? विचारलं असतं तर माझ्याकडे होता," मी म्हटलं. "आणि त्याला बोलावलं असतं तर तोही पॅड बांधून बसला होता."

मी डबा उघडला, मग बंद केला आणि आयरिश बाईला विचारलं, "तुमच्या क्लबाला अजून गोलकीपर हवी आहे?"

ती जरा अवघडली. "जानेवारीत एक मिळाली. कॉलेजची पोरगी आहे, चांगली आहे. आता जागा आहे ती दुसऱ्या, राखीव गोलकीपरची. म्हणजे बहुतेक वेळा बाकावरच बसावं लागेल."

"बसते," मी म्हटलं.