ओक्वुदिली कुणासोबत गेला

लागोसमधल्या लाडिपो या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गिअरबॉक्सवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी माझी खानावळ आहे. गल्लीतल्या दुकानदारांची पोटं माझ्या हातात आणि भांडणं माझ्या कानात. त्यामुळे ओक्वुदिलीबद्दल बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालते.

शाळा अर्धवट सोडून लागोसला आलेला हा माणूस. जपानी गाड्यांचे जुने गिअरबॉक्स विकून त्याने दोन दुकानं केली, गावाकडे खांबांचं घर बांधलं. आवाज असा की तो हसला की पलीकडच्या गल्लीत कळायचं. हात सढळ, मन साफ, फक्त मान जरा जास्तच ताठ. बायको उझोआमाका मोठ्या इस्पितळात नर्स. रात्रपाळी संपवून ती माझ्याकडे मिरपुडीचा रस्सा प्यायला यायची आणि चमचा हातात धरूनच पेंगायची. आणि हा काय सांगायचा? "बाई हौसेखातर नोकरी करते." हौसेखातर म्हणे! तिचे सुजलेले पाय मी बघितले होते.

मग सगळ्या लागोससारखं त्यांच्याही घरात कॅनडा शिरला. दोघं तिकडे राहायला जायचे अर्ज करून देणाऱ्या वकीलबाईंना भेटून सरळ माझ्याकडे जेवायला आले. आल्या आल्या ओक्वुदिली मला म्हणाला, "कोसीची आई, मी तिकडे पैसा लावणार. दुकान टाकणार. मालक म्हणून जाणार."

"आणि वकीलबाई काय म्हणाल्या तेही सांगा की," उझोआमाका म्हणाली.

तो कंदाच्या पिठाच्या फुफूचे घास मोडत राहिला. मग तीच म्हणाली, "पैसा कुठून आला ते दाखवा म्हणाल्या. अगदी पहिल्यापासून, कागदांसकट."

"बाजाराला विचारा म्हणावं! सगळा बाजार साक्षीला आहे."

"बाजार तिकडे येऊन सही करणार आहे का, सोम्टोचे बाबा? आणि एवढं करून आधी तिथे धंदा चालवून दाखवायचा. तो त्यांना पसंत पडला तर मग कायमचं राहायला मिळणार. बुडाला तर परत इथेच."

"आणि तुझ्या वाटेने?" मी विचारलं.

"माझं शिक्षण, नोकरीची वर्षं, वय, इंग्रजी, सगळ्याला गुण आहेत. गुण भरले आणि बोलावणं आलं, तर विमानातून उतरल्या दिवसापासून आम्ही तिथले कायमचे."

"मग अडलंय कुठे?"

तिने हनुवटीने नवऱ्याकडे खूण केली. त्यानेच तोंड उघडलं. "मुख्य अर्ज हिचा. मी आणि पोरं हिच्या मागे."

"मागे म्हणजे माझा नवरा म्हणून," ती म्हणाली.

"तुझ्या नावाखाली!"

ताट सरकवून तो निघून गेला. माझ्या खानावळीत मांस टाकून उठलेला तो पहिलाच माणूस.

पुढे कित्येक महिने त्याने आपल्या पैशाचे कागद गोळा करण्यात घालवले. पण त्याचा सगळा धंदा शब्दावर झालेला. ज्यांच्याशी सौदे केले त्यातले काही वारले, काही चीनला गेले, उरलेल्यांना तारखा आठवेनात. इकडे उझोआमाका इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती आणि धुसफुसत होती. "शाळेत आपली इग्बो भाषा बोललं की छडी बसायची. आणि आता मलाच विचारतात, इंग्रजी येतं का!" तिची खरी धास्ती वेगळीच होती. वय वाढलं की गुण कापतात. चाळिशी तोंडावर आलेली, आणि नवऱ्याचे कागद जोडल्याशिवाय सगळ्यांचा अर्ज पुढे सरकत नव्हता.

शेवटी एकदाचा त्याने आपला पासपोर्ट तिच्या हातात ठेवला, पण अट घातली. बाजारात कुणाला खरं सांगायचं नाही. ओक्वुदिली पैसा लावून चाललाय, असंच म्हणायचं. तिने लगेच मान डोलावली. मी तिला खूप बोलले. त्याला तर मनातल्या मनात रोजच बोलत होते.

"अगं, नाव कुणाचंही होऊ दे," ती म्हणाली. "पोरं पोचू देत."

आणि गुण भरले, बोलावणं आलं, झालं तिचं काम. बाजाराच्या संघटनेने हॉल घेऊन निरोपाचा समारंभ ठेवला. ढोल, बासरी, बकऱ्याचं मटण, सगळा थाट. ओक्वुदिली सिंहाच्या चित्रांचा झगा आणि लाल टोपी घालून मधोमध नाचत होता आणि दुकानदार आमच्या रीतीप्रमाणे, नाचणाऱ्याचा मान म्हणून, एकेक करून त्याच्या कपाळावर नोटा चिकटवत होते. माइकवाला ओरडत होता, "कॅनडा विकत घेतलेला माणूस बघा! आमचा गिअरबॉक्स!" उझोआमाका पोरांना घेऊन टेबलाशी बसून हसत होती. ते हसू बघून माझा तिळपापड झाला.

तेवढ्यात माइकवाल्याने तिलाच उभं केलं. "आता मॅडम नवऱ्याचे आभार मानतील! त्यांना कॅनडा दाखवणाऱ्या नवऱ्याचे!"

तिने माइक घेतला.

"सोम्टोच्या बाबांनी लग्नानंतर मला नर्सिंगला घातलं," ती म्हणाली. "तेव्हा त्यांच्याकडे एकच दुकान होतं, तेही भाड्याचं. त्यांच्या भावांनी त्यांना वेड्यात काढलं, बायको शिकून पळून जाईल म्हणाले. ते मी विसरलेले नाही. बस, एवढंच."

खोटं एक अक्षर बोलली नाही बाई. आणि हे मलाही माहीत नव्हतं, याने कधी तोंडातून काढलंच नव्हतं.

ओक्वुदिलीचं नाचणं थांबलं. कपाळावर घाम, घामाला नोटा चिकटलेल्या, तसाच तो तिच्यापाशी आला आणि तिच्या हातातून माइक घेतला.

"ऐका," तो म्हणाला. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. माझ्या पैशाला तिकडे कुणी विचारलं नाही. हिच्या कामाला विचारलं. ही चाललीय. मी हिच्यासोबत चाललोय."

ढोलवाल्याचा हात वरच राहिला. मग गल्लीचे अध्यक्ष, म्हातारे आन्योहा, खुर्चीतून म्हणाले, "अरे, स्पेअर पार्ट विकता विकता तू स्वतःच स्पेअर पार्ट झालास की रे!"

"झालो, ओगा साहेब! पण गाडी चालू आहे ना?"

हॉल फुटेल असा हशा झाला. त्या गोंधळात त्याने आपल्या कपाळावरची नोट काढली आणि तिच्या कपाळावर चिकटवली. मग दुसरी. मग तिसरी. माझे डोळे केव्हाच भरून आले होते. तिने त्याचं मनगट धरलं.

"पुरे, सोम्टोचे बाबा. लोक बघतायत."

"बघू देत," तो म्हणाला. "आजवर मी बघू दिलं नाही."

आणि पुढची नोट चिकटवली.