घट्ट झाकण

राहात्यात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात ती माझ्या शेजारी बसून दिवसभर टायपिंग करते. आधीची मुलगी मालकांना म्हणाली, हात दुखतो, आणि आठवड्यात तिच्या खुर्चीवर ही आली. आता हिच्याही मनगटाला पट्टी आहे. मालक दिसले की पट्टीवर ओढणी येते. मधेच थांबून ती बोटं झटकते आणि म्हणते, "सर्व्हर लई स्लो हाय." स्क्रीनवर तर पान कधीच उघडलेलं असतं.

काल मालक शेजारीच होते. तिनं पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली. "दादा, झाकण लई घट्ट बसलंय."

झाकण सैल होतं, अर्ध्याच आट्यावर.

मालक बघत होते. मी दात आवळून जोर लावल्यासारखं केलं. म्हणालो, "खरंच, लई घट्ट हाय."