पाटावरच्या दोन किल्ल्या

गाडीच्या दोन्ही किल्ल्या नवऱ्याने लक्ष्मीच्या पाटावर ठेवल्या, तिथून सगळं बिघडलं. एक ठेवली असती तरी पूजा झालीच असती. पण गाडी नवी होती आणि तिचं काहीही हातचं राखायचं नाही, असा त्याचा उत्साह होता.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. इंदिरानगरच्या पुढे, जिथे तेव्हा डांबरी रस्ता संपायचा, तिथे आमचा झेंडूचा आणि भाजीचा मळा. मी सकाळी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायचे आणि दुपारनंतर फुलं भरायला उभी राहायचे. त्या वर्षी दसऱ्याला झेंडूने हात दिला आणि दिवाळीच्या तोंडावर दारात पांढरी पिकअप आली. भावकीतले लोक मुद्दाम बघायला यायचे, बॉनेटवर हात फिरवायचे आणि "तुमचं बरंय आता," म्हणून चहा पिऊन जायचे. तो चहा पाजतानाच नवऱ्याला गाडी वसूल झाल्यासारखी वाटायची.

सासूबाई मात्र या कौतुकाने धास्तावायच्या. त्यांच्या मते लक्ष्मी येते तेव्हा खरी काळजी सुरू होते. दिवे लागल्यावर आमच्या घरातून मीठ बाहेर जायचं नाही, विरजण जायचं नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तर काहीच नाही, आणि पाटावर ठेवलेली वस्तू सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत जागची हलायची नाही. याला कारण होतं. त्या नव्या नवरी असताना अशाच संध्याकाळी घरातला बैल शेजाऱ्याला गाडीसाठी दिला गेला. तो परत आला तो लंगडत. पाणी ओढायला जोडी उरली नाही, भाजी उभी जळाली आणि पुढचा उन्हाळा त्यांनी अर्ध्या पोटी काढला. एका घटनेवरून नियम काढू नये, हे मी वर्गात सांगायचे. घरात सांगत नसे.

पूजा आटोपली. लाह्या-बत्तासे वाटून झाले आणि पायरीखालून गड्याची हाक आली. तो आणि त्याची बायको सुरगाण्याकडून फुलं तोडायला आलेले, विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे. तिला आठवा महिना होता.

"बाई, लय रगत जातंय. उठता येत नाय तिला."

मी जाऊन पाहिलं. पाहिल्यावर विचार करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. घरी येऊन फोन फिरवले. रिक्षावाल्याकडे पूजा चालू होती. जवळचा दवाखाना बंद. रुग्णवाहिकेचा नंबर लागेना. शेजारी जीप घेऊन गावी गेलेले. माझ्या दुचाकीवर तिला बसवणं म्हणजे वाटेतच मारणं.

"किल्ली द्या," मी नवऱ्याला म्हटलं.

त्याने पाटाकडे पाहिलं, मग आईकडे.

"हात लावायचा नाय," सासूबाई म्हणाल्या. त्या पाटासमोरून उठल्याच नव्हत्या.

"आई, ती जाईल," मी म्हटलं.

"रिक्षा बोलव."

"नाही मिळत. सगळीकडे विचारलं."

"मग आजच्या दिवशी घरातली लक्ष्मी बाहेर काढू म्हणती? मास्तरीण हायेस, तुझ्या पुस्तकात आसंल तसं. उपाशी मी झोपलेली हाय, तू नाय."

हे खरंच होतं. त्याच महिन्यात मी मुलांना समृद्धीची व्याख्या उतरवून दिली होती: गरजा भागून उरतं ते. उपाशी झोपलेल्या माणसाची भीती त्या व्याख्येत कुठे बसवायची, हे पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

"आई, गाडी लगेच जाऊन येईल," नवरा म्हणाला.

"तू गप. दोन्ही ठिवल्या कुणी? मोठा भक्त लागून गेला."

सासरे समईची वात सारखी करत होते. ती आधीच सारखी होती.

मी वाकले. "मी उचलते. पाप लागलं तर मला लागेल."

"पाप तुला, पण घर माझं हाय." त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हाताने आयुष्यभर खुरपं धरलेलं होतं, माझ्याच्याने तो सुटला नसता. बाहेर कुणीतरी फटाक्यांची लड लावली. तिच्या आवाजात गड्याची दुसरी हाक मला अर्धीच ऐकू आली.

ओढाताण करून काही होणार नव्हतं. मी विचारलं, "सकाळी पाट कसा हलवता?"

"अक्षदा टाकून."

"मग आत्ता टाका."

"सकाळ व्हायच्या आधी?"

"त्या बाईला सकाळ दिसायची नाही. आई, लक्ष्मीला सांगा की, जाऊन परत ये म्हणून. दर वर्षी सांगताच ना?"

त्यांनी पाटाकडे पाहिलं. मग मनगट सुटलं. त्यांनी चिमूटभर अक्षता घेतल्या, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि फक्त किल्ल्यांवर टाकल्या. एक किल्ली मुलाच्या हातात दिली आणि पदर खोचून उठल्या.

"मी बी येते."

"तू कशाला?" नवरा म्हणाला.

"लक्ष्मी बाहेर चालली, तिला एकटी सोडू? बरोबर जाईन, बरोबर आणीन."

कुणी हसलं नाही.

गाडीच्या मागच्या हौद्यात सतरंजी टाकून गड्याच्या बायकोला झोपवलं. सासूबाई नव्या लुगड्यानिशी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मी तिचे पाय उचलून धरले, तिचा नवरा कडेला उकिडवा बसला. ती आधी कण्हत होती, मग कण्हायची थांबली. ते जास्त वाईट होतं. माझा नवरा खड्डे चुकवत, नवी गाडी सांभाळत चालवत होता. सासूबाईंनी मागून केबिनवर जोरात थापा मारल्या.

"आरं, गाडीला काय जपतो? हिला जप! हाण!"

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक नजर टाकली आणि काही न विचारता स्ट्रेचर आत ओढलं. आम्ही बाकावर बसलो. सासूबाईंनी मुलाकडून किल्ली मागून घेतली आणि मुठीत धरून ठेवली. लुगडं पुढून रक्ताने पार भिजलं होतं. दार उघडलं की उठायच्या, कुणी काही सांगत नाही म्हटल्यावर पुन्हा बसायच्या. चौथ्यांदा की पाचव्यांदा उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. बाई वाचली होती. बाळ अगदी लहान, पण श्वास घेत होतं. मुलगी असती तर लक्ष्मी आली म्हणून घरात सगळ्यांनी समेट करून टाकला असता. मुलगा होता. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, किल्ली पुन्हा पाटावर ठेवली, विझत आलेल्या समईत तेल घातलं आणि भाऊबीजेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. नवऱ्याने पाहुणे यायच्या आत हौदा धुऊन काढला.

पुढच्या दसऱ्याला झेंडूचा भाव पडला. लोकांनी क्रेट मार्केटच्या रस्त्यावर ओतून दिले, आम्हीही दिले. सासूबाईंनी वर्षभर जपून ठेवलेली नजर माझ्यावर टाकली.

"आवक जास्त झाली, आई," मी म्हटलं. "सगळ्यांनीच झेंडू लावला."

"आसंल," त्या म्हणाल्या.

त्या लक्ष्मीपूजनाला नवरा पुन्हा दोन्ही किल्ल्या घेऊन आला. खरं सांगायचं तर मी तयारीत होते, काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. सासूबाईंनी एक किल्ली पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. दुसरी माझ्याकडे सरकवली.

"ही दारामागच्या खिळ्याला आडकव."

मी अडकवली. त्यांनी वळून पाहिलं.

"तिथं नाय. इकडच्या खिळ्याला. पायरीवरून दिसली पायजे."