मेहिटेबल क्रॅमच्या लग्नाचे साक्षीदार

झीनस क्रॅम गेला तेव्हा आमच्या गावाने त्याच्या शवपेटीवर झेंडा घातला, बंदुकीच्या तीन फैरी झाडल्या आणि घरी जाऊन पोटभर जेवण केलं. आपल्या म्हाताऱ्या सैनिकाचा गावाला भारी अभिमान. दर स्वातंत्र्यदिनी, म्हणजे चार जुलैला, त्याला गाडीत बसवून मिरवायचं, सफरचंदाची सायडर पाजायची आणि लढाईच्या गोष्टी ऐकायच्या. पहिल्या पेल्याला तो रसदीच्या गाड्या हाकत असे, तिसऱ्या पेल्याला किल्ल्याच्या भिंतीवर चढलेला असे. मी बारा वर्षं गावचा कारकून आहे. त्याने एकट्याने पकडलेले इंग्रज खरे धरले तर त्यांच्या राजाकडे सैन्यच उरलं नसतं.

पेन्शन मात्र खरी होती. ती मिळवायला त्याला कोर्टात उभं राहून, आपण कंगाल आहोत, असं शपथेवर सांगावं लागलं होतं. सरकारची ही तऱ्हाच आहे. देश मिळवून दिलास ना, मग आता घरात काय काय नाही ते दाखव! ती यादी अजून माझ्या दप्तरात आहे. एक म्हातारी गाय, एक कान तुटलेली किटली, चार खुर्च्या, पैकी एकीवर बसता येतं.

तो गेला आणि पेन्शन थांबली. मागे राहिली त्याची बायको मेहिटेबल, वय सत्त्याहत्तर, कानाने तिखट, जिभेने त्याहून तिखट. गाय गेली, मग खुर्च्या गेल्या. त्यानंतरच्या वर्षी कायदा आला की सैनिकांच्या विधवांनाही पेन्शन मिळेल, पण लग्न सतराशे चौऱ्याण्णव सालाच्या आधी झालेलं हवं आणि तसा पुरावा हवा. तिचं लग्न एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीतलं. पुरावा कुठेच नव्हता.

आणि मार्च जवळ येत होता. आमच्याकडे गावावर भार पडलेल्या निराधार माणसांचा मार्चच्या गावसभेत लिलाव होतो. जो गावाकडून सगळ्यात कमी पैसे घेऊन वर्षभर पोसायला तयार होईल, त्याच्या घरी ते माणूस जातं. कमी पैशांत पोसणारा काय खाऊ घालतो आणि किती राबवून घेतो, ते वेगळं सांगायला नको. गेल्या मार्चात दिलेला लंगडा सायलस नोव्हेंबरात गाडला. हे सगळं वहीत सुवाच्य अक्षरात मीच लिहितो.

"घरातलं बायबल आण," मी मेहिटेबलला म्हटलं. "लग्नाची तारीख त्यात लिहिलेली असेल. पान कापून वॉशिंग्टनला पेन्शन खात्याकडे पाठवू. सगळे तेच करतात."

तिने बायबल आणलं. कुटुंबातल्या जन्म-लग्नांच्या नोंदींसाठी ठेवलेल्या पानावर झीनसच्या हातचं लिहिलेलं होतं ते असं: घोडी व्याली, तांबडं शिंगरू. घोडी पुन्हा व्याली. मी तरीही पान पाठवलं. उत्तर आलं की घोडीच्या वंशाबद्दल खात्याला शंका नाही, अर्जदार बाईच्या लग्नाचा पुरावा पाठवावा.

"काकू, लग्न कोणी पाहिलं होतं?"

"अख्ख्या गावाने."

"मग अडचण काय?"

"अडचण हीच," ती म्हणाली आणि सांगू लागली.

झीनसच्या आधी तिचा एक नवरा होता, ओबेड फिस्क. तो मेला तो गळ्यापर्यंत कर्ज ठेवून, आणि कर्ज होतं दुकानदार वॉर्डवेलचं. त्या काळी असं धरत की विधवेने पहिल्या नवऱ्याच्या घरचा धागासुद्धा अंगावर ठेवून दुसरं लग्न केलं, तर पहिल्याचं कर्ज दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. म्हणून तिने चौरस्त्यावर, उघड्यावर, सगळ्यांदेखत अंगावरचं सगळं उतरवून ठेवलं आणि शेजारणीकडून मागून आणलेल्या एका पातळ आतल्या झग्यावर, अनवाणी, बर्फात उभं राहून लग्न केलं. पाद्रीबुवांनी असलं लग्न लावायला नकार दिला, म्हणून चर्चच्या वहीत नोंद नाही. लग्न लावणारे न्यायाधीश केव्हाच वारले आणि त्यांची कागदपत्रं उंदरांनी खाल्ली. उरले ते बघे.

मी बघ्यांच्या दारी गेलो. चर्चचे कारभारी डीकन एलिफालेट वॉर्डवेल, म्हणजे त्या दुकानदाराचे चिरंजीव, यांनी कानांवर हात ठेवले. "मी? छे छे! मी त्या दिवशी तापाने फणफणलो होतो."

रूफस टेनी म्हणाला, "मी मेपलचा रस काढायला रानात गेलो होतो."

"फेब्रुवारीत? कडाक्याच्या थंडीत?"

"त्या वर्षी रस लवकर आला होता."

पेशन्स गूच म्हणाल्या, "भल्या घरच्या मुली असल्या ठिकाणी जातात होय रे?" एकंदरीत त्या दिवशी निम्मं गाव आजारी होतं, उरलेलं रानात होतं, आणि मेहिटेबलने लग्न बहुधा कावळ्यांसमोर केलं होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण कारकुनाच्या रागाला कोण विचारतो!

गावसभा भरली. लिलाव पुकारणाऱ्याने मेहिटेबलला बाकावर उभं केलं. लोकांनी तिच्याकडे बाजारातल्या गाईकडे पाहावं तसं पाहिलं. टेनी म्हणाला, आठवड्याला पन्नास सेंट. कोणीतरी चाळीसवर आलं. मग डीकन उठले आणि अंगावर उपकाराची शाल पांघरल्यासारख्या आवाजात म्हणाले, "तीस. निराधार बाई आहे, आपलं कर्तव्यच आहे. आणि तिला सूत चांगलं कातता येतं."

मी टाक शाईत बुडवला.

"थांब रे," मेहिटेबल मला म्हणाली. मग डीकनकडे वळली. "एलिफालेट, तुझ्या बापाने माझे मोजेसुद्धा काढून घेतले होते. झग्याखाली काही लपवलंय का ते बघायला स्वतः पुढे आला होता. तुला ठाऊक नाही, नाही का? तू तापात होतास."

मग ती सगळ्या सभेकडे वळली.

"कोणीच पाहिलं नाही ना? ठीक आहे. मग आज नीट बघून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी शपथ घ्यायला अडचण नको." आणि तिने टोपीची नाडी सोडली. टोपी खाली टाकली. मग शालीची टाचणी काढली. मग झग्याच्या गळ्याशी हात घातला.

बायकांनी तोंडावर हात ठेवले, बोटांत फटी ठेवून. पुकारा करणारा ओरडला, "अहो आवरा, हे सभागृह आहे!"

"तो रस्ता होता," ती म्हणाली आणि पहिलं बटण सोडलं.

"पुरे!" मागून म्हातारा लोहार जोएल ओरडला. "पुरे कर, बाई! मी होतो तिथे. मी पाहिलं."

त्याबरोबर टेनीचं रान गावाजवळ सरकलं. "मीही येता येता थोडं पाहिलं," तो म्हणाला.

"थोडं? तू सफरचंदाच्या झाडावर चढून बसला होतास की!" पेशन्स गूच फणकारल्या.

"आणि तुम्हाला कसं कळलं, बाई?"

"मी खालच्याच फांदीवर होते!" त्या बोलून गेल्या आणि मग त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मग काय विचारता! साक्षीला रांग लागली. ती आधी डाव्या पायावर उभी होती की उजव्या, यावरून दोघे हातघाईवर आले. नऊ प्रतिज्ञापत्रं मी तिथल्या तिथे लिहिली. लिलाव बारगळला. सप्टेंबरात वॉशिंग्टनहून मंजुरी आली आणि मेहिटेबल मरेपर्यंत स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपाशी राहिली.

त्या दिवशी शेवटी उरले डीकन. दहावा कागद मी त्यांच्यापुढे सरकवला. आता गाव पाहत होतं, पळायला वाट नव्हती. ते बसले, चष्मा पुसला आणि टाक हातात घेतला.

"काकू," ते खालच्या आवाजात म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला काकू म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. "मी काय पाहिलं म्हणून लिहू?"

मेहिटेबल शाल पुन्हा अंगाभोवती घट्ट ओढून घेत होती.

"लिही," ती म्हणाली, "की मला थंडी वाजत होती."