उद्याशेठांचं कडेचं प्यादं

कपडे कधी मिळतील विचारा, शिंपीकाकांचं एकच उत्तर, "उद्या!" म्हणून त्यांचं नाव पडलं उद्याशेठ. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणणं या माणसाला जन्मात जमलं नाही. बुद्धिबळाच्या स्पर्धेतही तीच गत. समोरच्यानं बरोबरी मागितली की हे मान डोलावून मोकळे! नाहीतर सरळ हरायचे. अकरा वर्षांत एक डाव जिंकला असेल तर शपथ.

यंदा बायकोनं कंबर कसली. महिनाभर हे मशीन मारताहेत आणि ती शेजारी बसून पुस्तकातली ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, मोठ्यानं वाचतेय. "राजापुढचं प्यादं दोन घरं. म्हणा!" स्पर्धेच्या सकाळी म्हणाली, "फक्त एक डाव जिंकून या." त्यांनाही दुसरं काही नकोच होतं.

शेवटच्या फेरीपर्यंत हार. मग पांढरी मोहरी आली, समोर प्रोफेसर, वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. घड्याळ सुरू झालं, आणि काय सांगावं, कडेचं प्यादं जरा घराबाहेर गेलेलं! वाकडी शिवण दिसली की शिंप्याचा हात राहतोय थोडाच? ह्यांनी ते चिमटीत धरून सरळ केलं. आधी 'नीट करतो' म्हणायचं असतं, ते राहिलंच.

"हात लावलात, आता तेच चालवा," प्रोफेसर म्हणाले. नियम तो नियम.

झालं! महिनाभराची घोकंपट्टी पाण्यात. बिचाऱ्यांनी प्यादं एक घर सरकवलं. पण गंमत अशी, असली सुरुवात कुणीच घोकत नाही, त्यामुळे प्रोफेसरांचं पाठांतरही तिथंच संपलं. आता दोघंही आपापल्या अकलेवर. उद्याशेठ शिवायला बसल्यासारखे बसले, घाई म्हणून नाही. दोन तासांत प्रोफेसरांचा घोडा गेला आणि कपाळाला घाम फुटला.

"काय शेठ, बरोबरी करू या?" ते गोड हसले.

उद्याशेठांची मान डोलायला लागलीच होती. ती त्यांनी कशीबशी आवरली.

"नको, सर."

शब्द एकदाचा बाहेर पडला. अर्ध्या तासानं प्रोफेसरांनी राजा आडवा केला आणि हात पुढे केला.

घरी बायको दारातच उभी. "हरलात ना? असू दे. हातपाय धुवा, वाढते."

हरल्यावर काय बोलायचं ते अकरा वर्षांत तोंडपाठ झालेलं. जिंकल्यावर काय म्हणतात, देव जाणे! त्यांचे डोळेच भरून आले.

"अहो, रडताय काय लहान मुलासारखे? पुढच्या वर्षी जिंकाल."

"अगं, जिंकलोय."

"मग आधी नाही का सांगायचं!" ती ओरडली, आणि तीही रडायला लागली.