मिलिंदचं बॉडी किट

माझा भाऊ मेला, त्याआधीचे आठ महिने मी त्याच्याशी बोलत नव्हते.

कारण? गाडीचा बंपर.

हो. बंपर.

आज मिलिंदला जाऊन वर्ष झालं. रिसोडला, त्याच्याच अंगणात बसून लिहितेय.

गाडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे बाबा कापसाच्या एका जिनिंगमालकाचे ड्रायव्हर. मालकाची जुनी विलायती स्पोर्ट्स कार शेडमध्ये पडून होती. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची. आत कोंबड्या अंडी घालायच्या. जिनिंग बंद पडलं तेव्हा मालक म्हणाले, "घेऊन जा, नाहीतर भंगारातच जाईल."

बाबांनी ट्रॅक्टरला बांधून ती घरी आणली. सहा वर्षं दर रविवारी तिच्यावर खपले. पत्रा स्वतः ठोकून सरळ केला.

जन्मभर दुसऱ्याच्या गाडीचं दार उघडून उभा राहिलेला माणूस. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत ही गाडी पुढे असायची. बाबा दार उघडायचे आणि स्वतः आत बसायचे.

ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माझा राग कळेल.

बाबांनंतर गाडी मिलिंदकडे आली. पंधरा वर्षं त्याने जिवापाड सांभाळली. आणि पन्नाशी उलटल्यावर साहेबांनी तिला बॉडी किट लावलं, म्हणजे रेसची गाडी वाटावी म्हणून वरून चढवतात तो साज.

मी अकोल्याहून आले तर अंगणात हे ध्यान. पुढे फायबरचा जबडा. चाकांवर फुगलेल्या कमानी. डिक्कीवर पंख! ज्या कुणी ती गाडी घडवली त्याला कुठे थांबायचं ते कळत होतं. माझ्या भावाला नाही. शांत, म्हाताऱ्या माणसाला जिमचं बनियन घालावं तशी दिसत होती.

"धिस इज व्हँडलिझम, मिलिंद."

"मराठीत शिव्या दे ना ताई. कॉन्व्हेंटच्या शिव्या मले समजत नाहीत."

"बाबांच्या पत्र्याला भोकं पाडलीस?"

"एक डाव खाली वाकून पाह्य, मंग बोल."

"मला काही पाहायचं नाही. तू बाबांच्या अंगावर ड्रिल चालवलंस."

त्याचं हसू गेलं.

"जलमभर बाबाची गाडी चालवली ताई. मले बी एक डाव माही गाडी चालवून पाह्यची हाय."

मी ऑटो करून स्टँडवर गेले. सुनंदाने, त्याच्या बायकोने, माझ्यासाठी वांग्याची भाजी केली होती. जेवलेसुद्धा नाही.

नंतर त्याने दोनदा फोन केला. मी उचलला नाही.

बातम्या सुनंदाकडून कळायच्या. केनवडजवळ कुणीतरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. गाडीचा तो नवा जबडा सुपासारखा त्यात घुसला आणि निम्मं सोयाबीन आत. शेतकरी मागे धावला, "ओ रेसवाले! माहं सोयाबीन दे पह्यले!" मिलिंद तासभर रस्त्याच्या कडेला बसून बोटांनी दाणे काढत होता. मग त्याच्याच घरी चहा पिऊन आला.

मी फोनवर खूप हसले.

मग म्हटलं, "आता तरी काढेल ते किट."

'त्याला फोन दे' असं मात्र म्हटलं नाही.

आणि तो गेला. सकाळी, दात घासता घासता. मी निवृत्त मेट्रन आहे. किती अनोळखी लोकांच्या उशाशी रात्रंदिवस उभी राहिले. स्वतःच्या भावाच्या वेळी अकोल्यात रुसून बसले होते.

काल इथे आले आणि सुनंदाला म्हटलं, स्मृतिदिनाला गाडी बाबांच्या वेळेसारखी उभी करू.

"तुमाले बरं वाटते तं करा ताई," ती म्हणाली.

आज सकाळी सलीमभाईंना बोलावलं. हे डेंटर, गाड्यांचा पत्रा ठोकणारे. किट त्यांनीच बसवलं होतं. मी म्हटलं, भोकं बुजवायला किती दिवस लागतील?

"कोनती भोकं जी?"

मी चाकांवरच्या कमानींकडे बोट दाखवलं.

"मिलिंदभाऊनं एक बी छेद मारू नाही दिला. सगळं जुन्याच बोल्टांवर नाहीतं क्लॅम्पवर हाय. म्हने, ताईले नाही आवडलं तं दोन घंट्यात उतरलं पायजे." मग म्हणाले, "आवडनारच नाही, हे बी बोलले होते."

गुडघ्यावर हात टेकून मी वाकले.

कमानीच्या आत बाबांचा पत्रा होता. जसाच्या तसा. त्यांच्या हातोडीच्या खुणांसकट.

जुना बंपर? मला वाटलं होतं भंगारात गेला. ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून, धान्याच्या कोठीमागे ठेवलेला होता.

दुपारपर्यंत किट उतरलं. जबडा उलटा केला तेव्हा त्यातून मूठभर सोयाबीन सांडलं. सलीमभाईंनी जुना बंपर लावला, फडकं मारलं. बाबा आत्ता येऊन दार उघडतील अशी गाडी दिसत होती. कुठे एक ओरखडा नाही.

सुनंदा दारात उभी होती. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, ती मामाजी म्हणायची.

"आता मामाजीची झाली," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मला हेच हवं होतं ना?

मी गाडीभोवती दोनदा फिरले. तिच्यावर मिलिंद कुठेच नव्हता. माझ्या धाकाने त्याने स्वतःची एकही खूण मागे राहू दिली नव्हती.

"सलीमभाई, परत लावा."

"सगळं?"

"सगळं. तो पंखसुद्धा."

"पन ताई, तुमालेच तं पसंद नव्हतं."

"अजूनही नाही. लावा."

मिलिंद, किट भयंकर दिसतं. माझं मत तेच आहे.

पण वाकून पाहिलं रे.

तुझी गाडी अंगणात उभी आहे.

निरोप घेते.

तुझी ताई