चंपाषष्ठीला चंद्रीचा दम कोंडला तेव्हा

देवाला सगळं दिसतं म्हणतात. त्या चंपाषष्ठीला मात्र आमच्या शेडात त्याला काही दिसलं असेल असं मला वाटत नाही, कारण मी हवेत एवढा भंडारा उधळला होता की मला माझी बायकोसुद्धा दिसत नव्हती. नुसती बोलणी ऐकू येत होती, त्यावरून ती जवळपास आहे एवढं कळत होतं. खंडोबा आमचं कुलदैवत. तो आपल्यावर रुसलाय की काय, अशी शंका त्या सकाळी मनात आली, आणि त्या शंकेपायी मी जे काही केलं ते सांगायला आजही जीभ अडखळते. पण सांगतो, कारण झालेली कृपा लपवू नये.

कोऱ्हाळ्याच्या शिवारात, उसाच्या मधोमध आमची वस्ती. चंद्री ही आमची पांढरी घोडी. शिंगरू होती तेव्हापासून आमच्याकडंच. चंपाषष्ठीच्या संध्याकाळी गावच्या खंडोबाचा मुखवटा तिच्या पाठीवरून मिरवतो. मान घोडीचा, पण मिशीला पीळ मी भरतो. घरात लेकरूबाळ नाही. बायको तव्यावरची पहिली भाकरी चंद्रीला घालते आणि दुसरी मला, यावरून चंद्रीचं घरातलं स्थान वाचकांनी ओळखावं.

त्या वर्षी थंडी जबर होती. घोडीला वारं लागू नये म्हणून मी पत्र्याच्या शेडाला चारी बाजूंनी ताडपत्री आवळून बांधली. आत घमेल्यात निखारे ठेवून त्यावर ऊद टाकला. खाली कोरडा भुस्सा पसरला. मग पूजेला बसलो. लोक घोड्याच्या कपाळाला चिमूटभर भंडारा लावतात. मला वाटलं, चिमटीनं द्यायला आपण काय परके आहोत? मुठी भरभरून तिच्या तोंडावर, मानेवर, आयाळीत उधळला आणि येळकोट केला.

चंद्री खोकली. परत खोकली. मग तिनं मान लांब केली, नाकपुड्या वाटीएवढ्या फुगवल्या आणि तिच्या बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या वरखाली व्हायला लागल्या. सगळं अंग थरथरत होतं. तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरचे तात्या आले. ते नात्यानं चुलते आणि देवधर्मातले आमचे जाणकार. त्यांनी घोडीकडं एकवार पाहिलं आणि पायातल्या वहाणा काढल्या.

"वारं आलंय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "देव आलाय अंगात. टाक अजून भंडारा."

मी पोतं ओतायचंच बाकी ठेवलं. उदाचा डबा निखाऱ्यावर रिकामा केला. मग आम्ही दोघंही घोडीसमोर हात जोडून बसलो. तात्यांनी विचारलं, "देवा, औंदा कॅनॉलला पाणी कधी सुटंल?" घोडी घरघरली. तात्यांनी माझ्याकडं पाहून मान डोलावली, जणू तारीख मिळाली. देव एवढा घरघरतोय म्हणजे रुसलाय की काय, असं वाटून मीही तिच्या खुरांवर डोकं ठेवलं आणि काय चुकलं असेल तर पदरात घे म्हणालो.

"आवं, देव कधी असा धापा टाकतो व्हय?" धुरातून बायकोचा आवाज आला. "तिला दम लागलाय. डाक्टरला फोन लावा."

"तू मधी बोलू नगंस," तात्या म्हणाले. "कौल चाललाय."

इतक्यात चंद्रीचे गुडघे वाकले. ओठ आतून निळसर दिसले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की ही बोलत नाहीये, ही मरतेय. डॉक्टरांना फोन लावला, तर बंद. मग घसा मोकळा होईल म्हणून तात्यांनी गोडेतेलाची बाटली पुढं केली आणि मी ती घोडीच्या तोंडात ओतायला निघालो.

त्याच वेळी बाहेर गाडी थांबली. पुढच्या मोरीवर उसाच्या ट्रॉल्या अडकून रस्ता बंद झाला होता, म्हणून एक बाई आडवाटेनं आमच्या वस्तीवर आल्या होत्या. सोमेश्वरनगरचा रस्ता विचारायला त्यांनी ताडपत्री वर केली. देवानंच कुणाला तरी धाडलं असं वाटून मी एका हातात बाटली धरून दुसऱ्या हातानं त्यांच्यावरही मूठभर भंडारा उधळला.

बाईंना शिंकांवर शिंका सुरू झाल्या. डोळे पुसत त्यांनी आधी माझ्याकडं आणि मग घोडीकडं पाहिलं.

"आबा, मला एका मुठीत ही अवस्था. हिच्या नाकात किती गेलंय?"

"पुण्य मोजत न्हाईत बाई," तात्या म्हणाले.

"मी जनावरांची डॉक्टर आहे. ती बाटली खाली ठेवा. तेल फुप्फुसात गेलं तर घोडी हातची जाईल."

गाईचं अवघड बाळंतपण उरकून त्या परत निघाल्या होत्या, म्हणून औषधांची बॅग गाडीतच होती. त्यांनी ताडपत्र्या सोडायला लावल्या, उदाचं घमेलं बाहेर फेकायला लावलं. तोंडावरची म्होरकी सैल करून चंद्रीला हळूहळू मोकळ्या वाऱ्यात आणलं. ओल्या फडक्यानं नाकपुड्या पुसल्या. मानेच्या शिरेत इंजेक्शन दिलं. मी विचारलं, "आता मी काय करू?"

"काहीच नाही."

"पाय चोळू?"

"नको."

"निदान नामस्मरण?"

"मनात करा. हात मांडीवर ठेवा आणि लांब बसा."

उभ्या आयुष्यात एवढं अवघड काम मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बांधावर बसलो. हात सारखे उठायचे, बायको ते दाबून धरायची. देवाला म्हणालो, तू रुसलास की नाही ते मला कळत नाही, माझ्याकडं द्यायलाही आता काही उरलं नाही, ही तुझीच आहे, तूच बघ. तेवढं म्हणून झाल्यावर हात आपोआप पडून राहिले. कितीतरी वेळानं चंद्रीच्या बरगड्यांचा जोर ओसरला. तिनं मान खाली घातली, एक दणदणीत फुरका मारला आणि समोर वाकून बघणारे तात्या डोक्यापासून धोतरापर्यंत पिवळे झाले.

"हा कौल कळला का तात्या?" बायकोनं विचारलं. रडता रडता ती हसत होती.

संध्याकाळी मुखवटा पालखीतून, लोकांच्या खांद्यावरून मिरवला. देव काही बोलला नाही. डॉक्टरबाईंना बायकोनं भरीत-भाकरीचा नैवेद्य वाढला, त्या जेवल्या आणि मोरी मोकळी झाल्यावर निघून गेल्या. कुणाची ट्रॉली अडकली, का अडकली, हे मी कधी विचारलं नाही. ज्याला हात जोडायचे त्याला जोडले.

भक्ती म्हणजे सतत काहीतरी करत राहणं, असं मी समजत होतो. आता रोज सकाळी शेडाबाहेर, मोकळ्यावर चंद्रीजवळ बसतो. तिचा श्वास आत जातो, बाहेर येतो. त्यात माझं कर्तृत्व काडीचंही नसतं. मी नुसता ऐकत बसतो, आणि बायको आतून भाकरीसाठी हाक मारते तरी लगेच उठावंसं वाटत नाही.